बाजारच्या दिवशी गोळीला सुट्टी

"मावशी, तुम्हाला ॲटॅक येऊन गेलाय."

डॉक्टर असं म्हणाले आणि मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, माझ्या मागे दुसरी कोणी मावशी बसली असेल. मागे नुसती भिंत होती आणि भिंतीवर पोलिओच्या डोसाचं चित्र.

येऊन गेलाय म्हणजे काय? पाहुणा आला, दाराला कुलूप बघितलं आणि परत गेला, तसं? ॲटॅक आला की माणूस छाती धरून खाली पडतो, घाम फुटतो, गाडी बोलवावी लागते, असं मी आजवर ऐकलेलं. मी तर त्या सकाळी झेंडूची तोडणी करून, धुणं वाळत घालून, सुनेच्या स्कूटीवर मागे बसून आले होते. छातीत कळ नाही, काही नाही. नुसता दम लागत होता.

मी विचारलं, "कधी आला?"

"ते तुम्ही सांगायचं," डॉक्टर म्हणाले. "चार-आठ दिवसांत कधीतरी."

त्यांनी ईसीजीचा कागद माझ्यासमोर धरला. ईसीजी म्हणजे छातीला आणि हातापायांना चिकट्या लावून हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढतात. काही दुखत नाही. माझ्या आलेखात एक रेघ जिथे असायला हवी त्याच्या खाली बसली होती म्हणे. मला सगळ्या रेघा सारख्याच दिसल्या. सून ज्योती मात्र पांढरीफटक पडली होती. तिच्याकडे बघून मला कळलं की हे खरं आहे.

तरी मी काय म्हणाले असेन? म्हटलं, "डॉक्टर, दसरा तोंडावर आलाय. फुलं उभी आहेत शेतात. दसरा झाला की येते."

डॉक्टर म्हणाले, "दसऱ्याला तुम्ही पण असायला हव्यात ना?"

मी पदर सावरला आणि उठले.

आता हे सगळं मी का लिहिते आहे ते सांगते. मी शिकलेली नाही म्हटलं तरी चालेल. चौथीनंतर शाळा सुटली, पुढचं वाचन जे काही झालं ते फुलं बांधायला आणलेल्या रद्दीवर. पण माझ्यासारख्या साखरेच्या आजाराच्या बाया नाशकात घरोघरी आहेत. आणि जी चूक माझ्याकडून झाली ती कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नाही, कारण ती फक्त आमच्यासारख्या बायाच करू शकतात. म्हणून लिहिते.

आमचं शेत शहराला लागूनच, गिरणारे रस्त्याच्या अंगाला. पूर्वी भाजी करायचो, आता फुलं. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. आमचे मालक गेल्यापासून शेत मुलगा संदीप बघतो आणि बाजार मी आणि माझी धाकटी जाऊ लता. गाडी चालवायला आणि माल उतरवायला संदीपही बाजारात बरोबर असतो. पहाटे फुलांच्या क्रेट गाडीत टाकायच्या, अंधारात शहरात पोचायचं, ओळीत आपली जागा धरायची. ऊन चढेपर्यंत माल संपवून परत. ही माझी आयुष्यभराची नोकरी. आवडीची आहे, खोटं कशाला बोलू.

साखर मला बऱ्याच वर्षांची. सुरुवातीला एकच गोळी होती. मग गेल्या वर्षी आमच्या साखरेच्या डॉक्टरांनी एक नवी गोळी वाढवली. ते म्हणाले, ही साखर लघवीवाटे बाहेर काढते, आणि हृदयालाही चांगली. पहिलं वाक्य मी ऐकलं. दुसरं माझ्या कानावरून गेलं. हृदयाचं मला काय झालं होतं? चांगलं धडधडत होतं.

पण पहिल्या वाक्याचा अर्थ मला दोनच दिवसांत कळला. सारखी लघवीला. घरी ठीक आहे हो. पण बाजारात?

बाजारात बायांना जायला जागा नाही. एक संडास आहे, त्याला कधी कुलूप असतं आणि कधी कुलूप नसलं तर वाटतं असतं तर बरं झालं असतं. पुरुष काय, भिंतीकडे तोंड केलं की झालं. आम्ही बाया काय करतो? आम्ही पाणी पीत नाही. आदल्या संध्याकाळपासूनच घोट आवरता घ्यायचा, पहाटे नुसतं ओठ ओले करायचे, आणि घरी येईपर्यंत तोंड मिटून बसायचं. माझी सासूही असंच करायची. तिनेच मला शिकवलं, जसं वेणी बांधायला शिकवलं तसं.

लतालाही साखर. तिलाही तीच गोळी. आमच्या ओळीत आणखी दोघी-तिघी तसल्याच. तर आमच्यात आपोआप एक नियम झाला. कोणी ठरवला माहीत नाही. बाजारच्या दिवशी गोळीला सुट्टी. लता तर पहाटे गाडीत बसताना विचारायची, "ताई, आज सुट्टी ना?" आणि मी म्हणायची, "सुट्टी." ही कशाची सुट्टी, हे संदीपला कधी कळलं नाही. त्याला वाटायचं, त्याची काकू नुसती बडबडते.

एरवी बाजार आठवड्यातून तीन-चार दिवस. म्हणजे बाकीचे दिवस गोळी पोटात जायची. पण गणपती आले की आमचा रोजच बाजार. गणपती, मग गौरी, पितृपक्षात जरा दम, मग नवरात्र, दसरा, की आलीच दिवाळी. त्या हंगामात गोळीला रोजच सुट्टी. आणि गंमत बघा, घरच्या यंत्रावर साखर मोजली की ठीक यायची. दुसरी गोळी चालू होती, दिवसभर पायपीट होती, जेवण वेळेवर नव्हतं. साखर ठीक म्हणजे सगळं ठीक, असं मी धरून चालले.

नवरात्राच्या पहिल्या माळेला बाजार तुडुंब होता. क्रेट उचलताना एकाएकी माझ्या जबड्यात आणि डाव्या खांद्यात जडपणा आला. घाम आला. पहाटेची थंड हवा, आणि मला घाम. संदीप गाडी लावायला गेला होता. मी गोणीवर बसले. लता म्हणाली, "ताई, पित्त झालंय तुम्हाला. उपाशीपोटी निघता, मग असं होतं." तिने समोरच्या गाडीवरून सोडा आणला. मी एकच घोट घेतला. जास्त घेतला तर पुढची पंचाईत. थोड्या वेळाने बरं वाटलं आणि मी गिऱ्हाईकाशी भाव करायला लागले.

तोच तो. तो येऊन गेला तेव्हा मी शेवंतीचा भाव करत होते.

पुढचे काही दिवस चालताना दम लागायचा. अंगण झाडताना मध्येच टेकायची. ज्योतीने ते पाहिलं. ती म्हणाली, "आई, तुम्ही झाडू हातात घेऊन बसलात हे मी लग्न होऊन आल्यापासून कधी बघितलं नाही. चला." आणि स्कूटी काढली. ती पोरगी नसती तर हे लिहायला मी नसते. एवढंच तिच्याबद्दल लिहिते, नाहीतर ती वाचून डोक्यावर बसेल.

त्या छोट्या दवाखान्यातून मला थेट शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. आयसीयू म्हणजे जिथे सतत लक्ष ठेवतात तो विभाग. तिथे घड्याळ होतं पण दिवस की रात्र कळत नव्हतं. माझ्या हातातल्या बांगड्या काढल्या, मालक गेले तरी मी पायात ठेवलेली जोडवी काढली. जोडवी निघेनात, साबण लावून काढली. त्या वेळी मी पहिल्यांदा रडले.

रक्त घेतलं. ट्रोपोनिन नावाची तपासणी केली. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हा पदार्थ रक्तात उतरतो. माझ्या रक्तात होता. मग टूडी इको. म्हणजे गरोदर बाईची सोनोग्राफी करतात तशीच, पण छातीची. पडद्यावर माझं हृदय हलताना दिसलं. तपासणाऱ्या मुलीने सांगितलं की एक भाग नीट आकुंचन पावत नाहीये. मला तो दिसला. बाकी सगळं मूठ आवळल्यासारखं हलत होतं आणि एक कोपरा आळशासारखा पडून होता.

हृदयाचे डॉक्टर तरुण होते, माझ्या संदीपच्याच वयाचे असतील. हळू बोलायचे. मी त्यांना विचारलं की मला दुखलं कसं नाही. त्यांनी सांगितलं ते ऐकून मी हादरले, तुम्हीही ऐका. म्हणाले, "मावशी, वर्षानुवर्षं साखर असली की दुखणं कळवणाऱ्या नसाच बधिर होतात. मग काहींना छातीत कळ येतच नाही. नुसता दम, घाम, जबडा दुखणं, नाहीतर नुसता थकवा. साखरेच्या माणसाला असं काही झालं तर पित्त म्हणून सोडून द्यायचं नाही."

लताचा सोडा मला आठवला.

दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी झाली. मनगटातल्या रक्तवाहिनीतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, औषध सोडतात आणि कुठे अडलंय ते पडद्यावर बघतात. मी जागी होते. थंडी वाजत होती, भीतीनेही असेल. बघितलं तर एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद. तिथे लगेच स्टेंट घातला. स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी, आत जाऊन फुगते आणि वाट उघडी ठेवते. पण आणखी दोन रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या निघाल्या. अगदी बंद नाहीत, पण लांबलचक अरुंद.

संध्याकाळी डॉक्टर आले. संदीप आणि ज्योती दोघं होते. त्यांनी विचारलं, "मावशींची औषधं नियमित होती?"

संदीप छाती पुढे काढून म्हणाला, "एकदम नियमित. मी स्वतः आणतो ना प्रत्येक महिन्याला. ती नवी गोळीसुद्धा. एक दिवस संपू देत नाही."

खरंच आणायचा. संपायच्या आत आणायचा. घरात कपाटात गोळ्यांची पाकिटं साठली होती, त्याला वाटायचं, आपण संपायच्या आधीच आणतो म्हणून साठतात.

डॉक्टर म्हणाले की एवढी औषधं नियमित घेऊनही, आणि ती नवी गोळी घेऊनही जर रक्तवाहिन्या इतक्या अरुंद झाल्या असतील, तर नुसत्या औषधांच्या भरवशावर थांबणं बरं नाही. अशा वेळी बायपास करावं लागतं. बायपास म्हणजे छाती उघडून, पायाची नाहीतर छातीची रक्तवाहिनी घेऊन, अडलेल्या जागेला वळसा घालून रक्ताला नवी वाट करून द्यायची. उद्या सर्जनशी बोलून ठरवू, म्हणाले.

छाती उघडून.

मला बोलायचं होतं. जीभ वळली नाही. तरण्या डॉक्टरसमोर, पोटच्या पोरासमोर काय सांगणार? की बाबा, मला बाजारात लघवीला जायला जागा नाही म्हणून मी गोळी घेत नव्हते? मी पदर चावत पडून राहिले. तुम्हाला हसू येईल. छाती उघडून घ्यायची तयारी होती पण तोंड उघडायची नव्हती.

आणि मग दुसऱ्या दिवशी, मला वॉर्डात हलवल्यावर, भेटायच्या वेळेला लता आली.

लता म्हणजे काय चीज आहे ते सांगायला हवं. ती बागलाणातली, नामपूरकडची, बोलणं सरळ तोंडावर. आमच्याकडे येऊन तिची बोली बदलली पण जीभ नाही. हातात मोसंबीची पिशवी, कपाळावर बुक्का, चप्पल बाहेर काढून अनवाणी आत आली. देवळात आल्यासारखी. त्याच वेळी डॉक्टर राउंडला आले आणि संदीपशी बायपासचं बोलायला लागले. औषधं चालू असूनही, असं काहीतरी म्हणाले.

लता मध्येच म्हणाली, "कुठली औषधं चालू? ती नवी गोळी? ती तर आम्ही बाजारच्या दिवशी घेत नाही."

डॉक्टर थांबले. "घेत नाही म्हणजे?"

"सुट्टी असती ना तिला. आता नवरात्रात तर रोज सुट्टी. गणपतीपासून कुठे घेतली ताईंनी? मी बी नाय घेतली."

संदीप माझ्याकडे बघत होता. मी छताकडे.

डॉक्टरांनी विचारलं, "का पण?"

आणि लताने सांगितलं. जसं होतं तसं. त्या गोळीने सारखं मुतायला लागतं आणि बाजारात बाईला मुतायला जागा नाय, आम्ही पाणी सुद्धा पीत नाय, तर गोळी कशी घेणार. एवढ्या मोठ्या वॉर्डात, सगळ्या पेशंटांसमोर, सिस्टरसमोर. शेजारच्या खाटेवरची एक म्हातारी पडल्या पडल्या म्हणाली, "खरंय बाई. मी एसटी स्टँडवर असंच करते."

मला वाटलं, डॉक्टर रागावतील. ते रागावले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. राउंडला आलेले डॉक्टर बसल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ते म्हणाले, "मी इतकी वर्षं ही गोळी लिहून देतोय. एकाही बाईने मला हे सांगितलेलं नाही."

लता म्हणाली, "तुम्ही एकीला तरी इचारलं का?"

सिस्टर तोंड फिरवून हसली.

मग त्यांनी समजावलं. मी जसं समजले तसं लिहिते, चूकभूल असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारा. ही गोळी फक्त साखरेची नाही. साखर लघवीवाटे काढताना ती अंगातलं जादा मीठपाणीही थोडं काढते, त्याने हृदयावरचा भार हलका होतो. रक्तवाहिनीच्या आतलं जे अस्तर असतं ते नीट राहायला, तिथली सूज कमी राहायलाही तिची मदत होते असं दिसतं. नेमकी कशी, त्याचा अभ्यास अजून चालू आहे. म्हणून ज्यांना साखर आहे आणि हृदयाला धोकाही आहे त्यांना मुद्दाम ही देतात, साखर ठीक असली तरी देतात.

साखर ठीक असली तरी! हे वाक्य मला कोणीतरी कानात ओतायला हवं होतं. मी यंत्रावरचा आकडा बघून खूश होत होते आणि आत रक्तवाहिनी आपली बुजत चालली होती.

आमच्या शेतात ठिबक आहे. त्या नळ्यांत क्षार बसतात, पाणी यायचं थांबतं, मग संदीप ॲसिड सोडून नळ्या धुतो. मी डॉक्टरांना विचारलं, ही गोळी तशी आतून धुते का? ते म्हणाले, "नाही मावशी. जे साचलंय ते ती धुऊन काढत नाही. पुढे साचू नये, आहे ते फुटू नये, यासाठी सगळी औषधं मिळून झटतात. रक्तवाहिनी प्लास्टिकची नळी नसते. जिवंत असते. तिला रोज जपावं लागतं."

मग मी भीत भीत विचारलं की माझ्या सुट्ट्यांमुळेच ॲटॅक आला का. ते म्हणाले, एका गोळीवर सगळं ढकलता येणार नाही. बरीच वर्षं साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, सगळ्यांचा हात असतो. पण ज्या दिवसांत संरक्षण हवं होतं नेमकं त्याच दिवसांत ते काढून ठेवलं होतं, हेही खरं. आणि पाणी न पिता राबणं हे वेगळंच संकट. ही गोळी घेऊन पाणी तोडलं तर आणखी वाईट. कडक उपास असेल, उलट्या-जुलाब असतील, तेव्हा गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारायचं, आपल्या मनाने ठरवायचं नाही.

"म्हणजे औषधाला संधीच मिळालेली नाही," ते संदीपला म्हणाले. त्या दोन अरुंद रक्तवाहिन्यांतून रक्त सध्या पुरतं जातंय असं तपासणीत आलं होतं. आता काही महिने एकही गोळी न चुकवता घ्यायची, मग पुन्हा सगळ्या तपासण्या करायच्या आणि तेव्हा बायपासचं ठरवायचं. मध्ये जरा जरी त्रास झाला तरी तडक यायचं.

जाता जाता दारात थांबून ते म्हणाले, "मावशी, आणखी एक. ही गोळी सकाळीच घ्यायची असं काही नाही. बाजारातून घरी आलात की घ्या. रोज त्याच वेळेला घ्या, म्हणजे झालं."

मी आणि लता एकमेकींकडे बघत राहिलो.

एवढंच? घरी येऊन घ्यायची? एका वाक्याचा प्रश्न होता. तो साखरेच्या डॉक्टरांना गेल्या वर्षी विचारला असता तर! लताने कपाळावर हात मारला, बुक्का सगळा हाताला लागला. डॉक्टरांनी तिथल्या तिथे तिचाही ईसीजी काढायला आणि साखर तपासायला लावली. ती म्हणत होती मला काय धाड भरलीय, मी भेटायला आलेय. तिचा ईसीजी देवाच्या कृपेने चांगला निघाला. साखर मात्र अशी निघाली की ज्योती तिला घरापर्यंत बोल लावत घेऊन गेली.

सगळे गेले. संदीप राहिला. तो लताने आणलेलं मोसंबं सोलत बसला. फार वेळ सोलत होता. माझ्या पोराला बोलायला वेळ लागतो, बापावर गेलाय.

मग म्हणाला, "आई, मी बाजारात कुठे जातो ते तुला माहीत होतं?"

"सगळ्या बाजाराला माहीत आहे. त्या विजेच्या डीपीच्या मागे."

"आणि तू?"

"मी घरी आल्यावर."

"पहाटेपासून?"

"आदल्या संध्याकाळपासून."

त्याने फोडी ताटलीत मांडल्या, बिया काढल्या. मी त्याला लहानपणी तसं काढून द्यायची. "मी रोज तुझ्या शेजारी उभा असतो," एवढंच म्हणाला. माझ्याशी बोलत होता की स्वतःशी, कळलं नाही. मला वाटतं, ॲटॅकचं कळलं तेव्हा तो जेवढा घाबरला नव्हता तेवढा तो त्या वेळी हादरला. आणि खरं सांगू, मीही. एवढी वर्षं मीही कधी त्याच्या डोळ्यांनी हे बघितलं नव्हतं. मला ते पावसाळ्यात चिखल असतो तसं वाटायचं. असतंच.

दसरा माझ्याशिवाय झाला. घरच्या फुलांचं तोरण ज्योतीने हॉस्पिटलच्या खाटेला बांधलं, सिस्टरने लगेच सोडायला लावलं. सोनं म्हणून आपट्याचं पान तेवढं उशाला ठेवू दिलं.

पुढचे महिने मी घरी. चालायचं ठरलेलं, खायचं ठरलेलं. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आहेत, त्या तर एक दिवसही सोडायच्या नाहीत, स्टेंट बंद पडू शकतो. त्या नव्या गोळीची वेळ दुपारची केली. रोज दुपारी लताचा फोन यायचा, "घेतली का?" मी विचारायची, "तू?" तिकडून पाणी प्यायचा आवाज मुद्दाम मोठा करून ऐकवायची.

मग तपासणीचा दिवस आला. हॉस्पिटलातल्या वेटिंगच्या खुर्च्या. माझ्या शेजारी एक बाई फाईल पोटाशी धरून बसली होती, मी तिला सगळी गोष्ट सांगून टाकली. ती आधी लाजली, मग म्हणाली की ती शाळेत पोषण आहार शिजवते आणि तीही पाणी पीत नाही.

पुन्हा टूडी इको झाला. पडद्यावर मी तो आळशी कोपरा शोधत होते. पूर्वीसारखा पडून नव्हता, हलत होता. अगदी इतरांसारखा नाही, पण हलत होता. मग स्ट्रेस टेस्ट, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवून, जोर पडल्यावर हृदयाला रक्त पुरतं का ते बघतात. डॉक्टर कागद बघत होते आणि मी त्यांचं तोंड. संदीपने माझं मनगट धरलं होतं, नेमकं जिथून नळी घातली होती तिथे.

"रक्त पुरतंय," डॉक्टर म्हणाले. "बायपास सध्या नको."

सध्या. हा शब्द मी विसरत नाही. तुम्हीही अशा शब्दांकडे दुर्लक्ष करू नका. मला बरं केलेलं नाही, मला वेळ दिलेला आहे. रोजच्या रोज, दुपारच्या एका गोळीएवढा.

आता मी पुन्हा बाजारात जाते. क्रेट उचलत नाही, नुसती बसते आणि भाव करते. डॉक्टरांनी भाव करायला मनाई केलेली नाही, मी विचारून घेतलं. हो, आता सगळं विचारून घेते.

मी घरी होते त्या दिवसांत संदीपने एक काम केलं होतं, मला सांगितलं नव्हतं. आम्ही ज्यांना उरलेला माल देतो त्या व्यापाऱ्याच्या गाळ्यामागे एक बाथरूम आहे. वर्षानुवर्षं आहे. त्याला कुलूप असायचं. संदीपने त्यांच्याकडे किल्ली मागितली, आमच्या ओळीतल्या सगळ्या बायांसाठी. त्यांनी आधी कुरकुर केली, घाण कोण काढणार म्हणाले. लता म्हणाली, आम्ही पाळीपाळीने धुऊ, तुमचा पुरुषांचा हात लागला नाही तर स्वच्छच राहील. यावर त्यांनी हसून किल्ली काढून दिली.

मी परत गेले त्या पहिल्या पहाटे गाडी थांबली. एरवी संदीप उतरला की आधी क्रेट उतरवायचा, जागा धरायची घाई असते. त्या दिवशी तो आधी गाळ्याकडे गेला, आला, आणि काही न बोलता माझ्या हातात किल्ली दिली. लाल दोऱ्यात ओवलेली. मग क्रेट उतरवायला लागला.

आता रोजच तसं करतो. किल्ली आधी, माल नंतर.

लता तोवर पिशवीतून बाटली काढते. आधी मला देते, मग स्वतः घेते, मग ओळीत पुढे सरकवते. अजून उजाडलेलं नसतं. गिऱ्हाईक यायचं असतं. आम्ही सगळ्या जणी झेंडूच्या ढिगांशेजारी बसून घटाघटा पाणी पितो.